साखर ओळखायला शिकवणारे एमिल फिशर

लातूरमध्ये बारावी सायन्सला किंवा नीटच्या तयारीला बसलेल्या कोणत्याही मुलाची रसायनशास्त्राची वही उघडा. ‘बायोमॉलिक्यूल्स’च्या धड्यात एक आकृती हमखास सापडेल. सहा कार्बनची एक उभी रेघ, तिला छेदणाऱ्या आडव्या रेघा आणि त्यांच्या टोकांना कुठे ‘एच’, कुठे ‘ओएच’. हा ‘ओएच’ कोणत्या बाजूला येतो, हे मुले वरून खाली पाठ करतात. उजवा, डावा, उजवा, उजवा. हे ग्लुकोजचे ‘फिशर प्रोजेक्शन’. सराव परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, गोल काळा केला जातो आणि पान उलटते.

त्याच घरात पुष्कळदा आजीचा किंवा वडिलांचा ग्लुकोमीटर असतो. सकाळी चहाच्या आधी बोटाला टोचायचे, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि काही सेकंदांत आकडा बघायचा. त्या आकड्यावर त्या दिवसाची गोळी, इन्सुलिन आणि ताटातली भाकरी ठरते.

वहीतली आकृती आणि कपाटातले यंत्र यांचा एकमेकांशी संबंध आहे. रक्तात शेकडो पदार्थ असताना पट्टीला फक्त ग्लुकोजच कसे कळते, या प्रश्नाच्या उत्तराचा पाया ज्या माणसाने घातला, त्याचेच नाव त्या आकृतीला आहे. एमिल फिशर. साखरेची ओळख पटवण्यासाठी त्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षे दिली आणि त्याची किंमत स्वतःच्या शरीराने मोजली.

लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीत, कोलोन शहराजवळच्या ऑयस्किर्शेन या गावी झाला. वडील लॉरेन्झ फिशर हे यशस्वी व्यापारी. मुलाने घरच्या लाकडाच्या धंद्यात लक्ष घालावे, अशी त्यांची इच्छा होती. एमिलने थोडे दिवस प्रयत्न केला. पण जमाखर्चात त्याचे मन रमेना. अखेर हा मुलगा धंद्याच्या कामाचा नाही, तेव्हा त्याने शिकावे हे बरे, असा निर्णय वडिलांनी घेतला.

१८७१ मध्ये एमिल बॉन विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा ओढा खरे तर भौतिकशास्त्राकडे होता. पुढच्याच वर्षी चुलतभाऊ ओटो फिशर याच्याबरोबर ते स्ट्रासबर्गला गेले. तिथे अडॉल्फ फॉन बायर हे शिक्षक भेटले आणि रसायनशास्त्राची वाट पक्की झाली. १८७४ मध्ये रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. वय होते एकवीस.

दुसऱ्या वर्षी, १८७५ मध्ये, त्यांच्या हाताला एक नवे रसायन लागले. नाव फिनाइलहायड्रॅझिन. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. त्याच वर्षी बायर म्युनिकला गेले आणि फिशरही त्यांच्या मागोमाग गेले. पुढे एर्लांगन, मग वुर्झबर्ग अशा विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून त्यांची कारकीर्द चढत गेली. ते रसायन मात्र त्यांच्या सोबतच राहिले.

पिवळे स्फटिक

त्या काळात साखरेवर काम करायला रसायनशास्त्रज्ञ नाखूश असत, आणि त्याला कारण होते. कोणताही पदार्थ ओळखायचा तर तो आधी शुद्ध करावा लागतो, त्याचे स्फटिक करावे लागतात. साखरेचे मिश्रण मात्र आटवले की पाक होतो. चिकट, लोंबणारा, स्फटिक न होणारा पाक. गुऱ्हाळावर काकवी पाहिलेल्या माणसाला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. त्यात किती प्रकारच्या साखरा आहेत, कोणती किती आहे, हे त्या काकवीतून शोधायचे कसे?

फेलिंगची चाचणी होती, पण तिच्यात अनेक साखरा सारखाच लाल साका देत. साखर आहे एवढे कळे, कोणती ते कळत नसे.

१८८४ मध्ये फिशर यांनी साखरेच्या द्रावणात फिनाइलहायड्रॅझिन घालून ते तापवले. पाण्यात विरघळून बसणारी साखर या रसायनाशी जोडली गेली आणि पिवळ्या स्फटिकांच्या रूपाने बाहेर आली. या पदार्थांना ‘ओसाझोन’ असे नाव मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर वेगवेगळ्या साखरांचे स्फटिक वेगवेगळे दिसतात. ग्लुकोजचे लांब सुयांचे जुडगे, कडब्याची पेंढी बांधावी तसे. माल्टोजच्या पाकळ्या सूर्यफुलासारख्या. दुधातल्या लॅक्टोजचे पिंजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखे. सूक्ष्मदर्शकात डोळा लावून कोणती साखर आहे, याचा अंदाज बांधता येऊ लागला.

वैद्यकीय आणि विज्ञान महाविद्यालयांतल्या अनेक पिढ्यांनी जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग केला आहे. परीक्षानळी उकळत्या पाण्यात ठेवायची, थांबायचे, गार होऊ द्यायचे आणि मग काचपट्टीवर पिवळी पेंढी किंवा सूर्यफूल शोधायचे. प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृती काढून खाली साखरेचे नाव लिहायचे.

यात एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. पेंढी किंवा सूर्यफूल कोणी हाताने रचलेले नसते. साखरेला एक तुकडा जोडला जातो आणि मग ते जोड-रेणू आपणहून एकमेकांशेजारी रांगेत लागतात. रेणूची घडण जशी, तशी रांग, आणि रांग जशी, तसा डोळ्यांना दिसणारा आकार. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूची ओळख दिसणाऱ्या आकारावरून पटवायची, ही युक्ती पुढे शंभर वर्षांनी पुन्हा उपयोगी पडणार होती.

अंगावर आलेले रसायन

ज्या रसायनाने ही वाट दाखवली, तेच फिशर यांच्या मुळावर आले. फिनाइलहायड्रॅझिन विषारी आहे. ते त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते, त्वचेवर गजकर्णासारखा त्रास देते आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये रक्तक्षय घडवून अभ्यास करायचा असेल तर आजही हेच रसायन वापरतात.

फिशर यांना हे सुरुवातीला माहीत असण्याचे कारण नव्हते. त्या काळी हातमोजे नव्हते, धूर ओढून घेणारी चांगली कपाटे नव्हती आणि पदार्थाचा वास घेणे, प्रसंगी चव पाहणे हा रसायनशास्त्रज्ञांच्या रोजच्या कामाचा भाग होता. वर्षानुवर्षे ते या रसायनाच्या वाफेत काम करत राहिले. पोटाचे विकार जडले, त्वचेने त्रास दिला. हा रोग नसून जुनाट विषबाधा आहे, हे लक्षात येईपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन गेले होते. त्यानंतर त्यांनी त्या रसायनाशी शक्यतो अंतर ठेवले. पण गेलेली प्रकृती पूर्ण परत आली नाही.

सोळांतली एक

ओसाझोनने फिशर यांना आणखी एक धागा दिला. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तीन वेगळ्या साखरा. पण तिघींचे ओसाझोन अगदी एकच निघाले. ही अडचण होती, पण फिशर यांनी तिचाच पुरावा केला. फिनाइलहायड्रॅझिन साखरेच्या वरच्या दोनच कार्बनवर बसते. तिथला फरक त्यामुळे पुसला जातो. मग ओसाझोन सारखे असतील, तर या तिन्ही साखरांचा खालचा सगळा भाग सारखाच असला पाहिजे.

ग्लुकोजमध्ये चार कार्बन असे आहेत, की ज्यांच्यावरचा ‘ओएच’ उजवीकडे असू शकतो किंवा डावीकडे. चार जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे एकूण सोळा शक्यता. सोळाही रेणूंत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन तेवढेच. फरक फक्त मांडणीत, उजव्या आणि डाव्या चपलेत असावा तसा. यांतले ग्लुकोज कोणते? रेणूचे छायाचित्र काढण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते.

फिशर यांच्याकडे होती परीक्षानळी, तर्कबुद्धी आणि प्रकाश. एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश साखरेच्या द्रावणातून सोडला की तो थोडा वळतो. हे वळण मोजणारे यंत्र म्हणजे पोलारिमीटर. लातूर-नांदेडच्या ऊस उत्पादकाला हे यंत्र अनोळखी नाही, कारण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’ याच तत्त्वावर काढतात. उसाचा दर ज्या उताऱ्याशी जोडलेला असतो, त्या उताऱ्याच्या हिशेबात हा ‘पोल’ येतो.

फिशर यांनी या यंत्राला वेगळा प्रश्न विचारला. साखरेच्या रेणूची दोन्ही टोके रासायनिक क्रियेने सारखी करून टाकायची. आता रेणूचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग एकमेकांचे प्रतिबिंब असतील, तर प्रकाश वळणार नाही. वळला, तर ती मांडणी नाही. अशा एकेका प्रयोगाने त्यांनी एकेक शक्यता खोडत नेली. १८९० मध्ये ग्लिसरीनपासून सुरुवात करून त्यांनी प्रयोगशाळेत ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज तयार करून दाखवले. १८९१ मध्ये ग्लुकोजची मांडणी जाहीर केली. तीच ही उजवा, डावा, उजवा, उजवा. कागदावर रेणू सपाट काढायची पद्धतही त्यांनी याच कामासाठी बसवली.

शेवटी एक गोष्ट उरलीच. खरा ग्लुकोज आणि त्याचे आरशातले प्रतिबिंब यांतला कोणता निसर्गातला, हे त्या काळच्या कोणत्याही प्रयोगाने ठरवता येत नव्हते. फिशर यांनी दोहोंतला एक गृहीत धरला. बरोबर येण्याची शक्यता निम्मी. १९५१ मध्ये नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ बाइफूट यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने याचा निकाल लावला. फिशर यांचे गृहीतक बरोबर ठरले. तेव्हा त्यांना जाऊन ३२ वर्षे झाली होती.

कुलूप आणि किल्ली

साखरेची मांडणी कळली. आता फिशर यांनी विचारले, ही मांडणी शरीराला कळते का?

त्यासाठी त्यांनी ग्लुकोजला एक छोटा तुकडा दोन प्रकारे जोडला. दोन्ही पदार्थांत फरक एकाच कार्बनवरचा, जोड एकीकडे खाली झुकलेला, दुसरीकडे वर. मग दोन्ही पदार्थ त्यांनी दोन एन्झाइमांना दिले. यीस्टच्या अर्कातल्या एन्झाइमने एक प्रकार तोडला, दुसऱ्याला हात लावला नाही. कडू बदामातून काढलेल्या इमल्सिन नावाच्या एन्झाइमने बरोबर उलटे केले. यीस्टलाही वेगवेगळ्या साखरा देऊन पाहिल्या. काही ते आंबवते, तर जवळपास तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या काही साखरांना शिवतही नाही.

१८९४ मध्ये फिशर यांनी याचा अर्थ मांडला. एन्झाइम आणि साखर एकमेकांना कुलूप-किल्लीसारखे बसायला हवेत, तरच क्रिया होते. किल्लीचा एक दात इकडचा तिकडे झाला, तर कुलूप उघडत नाही. पुढच्या संशोधनाने या कल्पनेत सुधारणा केली. कुलूपही थोडे लवचीक असते, किल्ली आत जाताना ते स्वतःला जुळवून घेते, हे नंतर कळले. पण मूळ मुद्दा टिकला. शरीरात ओळख पटते ती आकारावरून.

ग्लुकोमीटरच्या पट्टीत आज हेच कुलूप बसवलेले असते. १९६२ मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवून ग्लुकोज मोजण्याची पद्धत मांडली. ग्लुकोज कुलपात शिरला की क्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा प्रवाह यंत्र मोजते आणि पडद्यावर आकडा येतो. ऊस पिळून ‘पोल’ काढावा, तसे रक्ताच्या एका थेंबाचे झाले.

बर्लिन

१८९२ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठात गेले. जर्मनीतल्या रसायनशास्त्राची ही सर्वांत मानाची जागा. नवी प्रशस्त प्रयोगशाळा बांधून देण्याचे आश्वासन त्यांना मिळाले होते; ती पूर्ण व्हायला १९०० साल उजाडले.

साखरेबरोबरच चहा-कॉफीतले कॅफीन आणि गाऊटच्या रुग्णांच्या सांध्यांत साचणारे युरिक ॲसिड हे एकाच कुळातले पदार्थ आहेत, हेही त्यांनी दाखवले आणि त्या कुळाला ‘प्युरिन’ हे नाव दिले. साखर आणि प्युरिन या दोन कामांसाठी १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. या विषयातले ते दुसरेच नोबेल होते. त्यानंतर ते प्रथिनांकडे वळले आणि १९०७ मध्ये अठरा अमिनो ॲसिडांची साखळी त्यांनी जोडून दाखवली.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत ओटो डील्स आणि ओटो वारबुर्ग यांनी पुढे नोबेल मिळवले. वुर्झबर्गमध्ये काही काळ काम करून गेलेले एक तरुण डॉक्टर होते कार्ल लँडस्टायनर. १९०१ मध्ये त्यांनीच माणसाचे रक्तगट शोधले. पुढे कित्येक दशकांनी उलगडले, की ए आणि बी गटांतला फरक हा तांबड्या पेशींवरच्या साखळीच्या टोकाला कोणती साखर बसली आहे, एवढाच आहे. चुकीचे रक्त चढले तर जीव जातो, त्याच्या मुळाशीही साखरेची ओळखच असते.

फिशर त्यांच्या काळापलीकडे प्रत्येक बाबतीत गेले नाहीत. त्यांच्या संस्थेत महिलांना प्रवेश नव्हता. १९०७ मध्ये लीझे माइटनर तिथे संशोधनासाठी आल्या, तेव्हा त्यांना तळघरातल्या सुतारकामाच्या खोलीतच काम करण्याची परवानगी मिळाली, वरच्या प्रयोगशाळांत जायला मनाई होती. प्रशियात विद्यापीठांची दारे महिलांना खुली झाल्यावर फिशर यांनी हे बंधन काढले आणि नंतर माइटनर यांना साहाय्यही केले.

शेवटची वर्षे

घरचे सुख त्यांना थोडे लाभले. १८८८ मध्ये त्यांचा विवाह आग्नेस गेर्लाख यांच्याशी झाला. सातच वर्षांनी आग्नेस वारल्या. मागे तीन लहान मुलगे होते. फिशर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मनीच्या बाजूने ९३ विद्वानांनी काढलेल्या जाहीर पत्रकावर फिशर यांचीही सही होती. युद्धकाळात देशाला लागणारी रसायने आणि अन्न यांच्या कामात त्यांनी स्वतःला जुंपून घेतले. त्या युद्धाच्या वर्षांत त्यांचे दोन मुलगे गेले. एकाने सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाच्या ताणात आपले जीवन संपवले, दुसरा युद्धसेवेत असताना मरण पावला. थोरला हेर्मान तेवढा उरला.

प्रकृती आधीच खचलेली, घर रिकामे आणि देश हरलेला. अशात त्यांना कर्करोगाचे निदान झाले. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी स्वतःच आयुष्य संपवले. वय ६६ होते. तेव्हा अशा रुग्णाच्या वेदनेवर आणि मनावर उपचार करणारे फारसे कोणी नव्हते. आज आहेत. दीर्घ आजारात किंवा दुःखात कुणाला असा विचार येत असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

आपणहून रांगेत लागणारे रेणू

थोरला मुलगा हेर्मान रसायनशास्त्रज्ञच झाला. बर्लिन, बासेल, टोरंटो असा प्रवास करत १९४८ मध्ये ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पोचले. वडिलांचे कागद आणि पत्रव्यवहारही आज बर्कलीच्याच ग्रंथालयात आहेत.

योगायोग असा, की साखरेच्या ओळखीची पुढची एक महत्त्वाची पायरी त्याच गावात चढली गेली. १९९३ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत डेबोरा चॅरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यांनी असे रेणू घेतले, की ज्यांच्या एका टोकाला साखर आणि दुसऱ्या टोकाला तेलकट लांब शेपटी. साखरेला पाणी प्रिय, शेपटीला ते नकोसे. त्यामुळे असे रेणू पाण्याच्या सान्निध्यात आपणहून रांगेत लागतात. साखरेची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, असा एक पातळ थर तयार होतो. त्यांनी शेपट्या एकमेकींना जोडून टाकल्या, तेव्हा तो थर निळा झाला.

टोकाला जी साखर लावली होती, ती होती सायलिक ॲसिड. आपल्या श्वासनलिकेतल्या पेशींवरही हीच साखर असते आणि फ्लूचा विषाणू तिलाच धरून पेशीत शिरतो. आता विषाणू त्या निळ्या थरावर आला, त्याने ओळखीची साखर धरली, ओढाताणीत आतल्या शेपट्यांची मांडणी बिघडली आणि निळा थर लाल झाला. विषाणू आहे, हे साध्या डोळ्यांना दिसले. फिशर यांच्या दोन्ही गोष्टी इथे एकत्र आल्या. ओळख पटली ती कुलूप-किल्लीने आणि ती दिसली ती रेणूंच्या रांगेमुळे, ओसाझोनच्या पेंढीसारखी.

तेव्हापासून या वाटेने बरेच काम झाले. मॅनोज ही साखर लावलेल्या अशाच थरांनी ई. कोलाय जिवाणू ओळखण्याचे प्रयोग झाले, कारण या जिवाणूचे अनेक प्रकार मॅनोजला चिकटतात. मूत्रमार्गाच्या संसर्गात ते आतल्या पेशींना धरतात तेही याच साखरेच्या आधाराने. काही साखरजन्य रेणू पाण्यात थोडे घातले तरी त्यांचे बारीक तंतू होतात आणि विरजण लागल्यासारखे सगळे पाणी घट्ट होते. ठरावीक पदार्थ आला की हे घट्ट झालेले पुन्हा पातळ व्हावे, अशी रचना करता येते. मग नळी आडवी करून पाहायचे. ओघळले तर तो पदार्थ आहे.

उन्हाळ्यात टँकरचे पाणी पिणाऱ्या आणि पावसाळ्यात गढूळ विहिरी उपसणाऱ्या आपल्या भागासाठी अशा चाचण्यांचे मोल मोठे आहे. यंत्र नको, वीज नको, रंग बदलला की कळले. पण ही बहुतेक कामे अजून प्रयोगशाळेतली आहेत. पाण्यात जिवाणू अगदी थोडे असतील तर रंग बदलेल का, चाळीस अंशांच्या उन्हात पट्टी टिकेल का, दुसरे काही चिकटून खोटा इशारा तर मिळणार नाही, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ती गावात येऊ नयेत. तोवर पाणी उकळून पिणे आणि क्लोरीन टाकणे याला पर्याय नाही.

माल्टोजची चूक

खोट्या इशाऱ्याची भीती पोकळ नाही. ग्लुकोमीटरच्या काही पट्ट्यांत ‘जीडीएच-पीक्यूक्यू’ नावाचे एन्झाइम वापरले जात असे. हे कुलूप थोडे ढिले होते. त्यात ग्लुकोजबरोबर माल्टोजची किल्लीही फिरत असे. एरवी रक्तात माल्टोज जवळपास नसतेच, त्यामुळे फरक पडत नव्हता. पण पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांना आयकोडेक्स्ट्रिन नावाचे द्रावण दिले जाते आणि शरीरात त्याचे माल्टोज होते. यंत्राने माल्टोजही मोजले, आकडा मोठा दिसला. साखर वाढली समजून इन्सुलिन दिले गेले. प्रत्यक्षात साखर आधीच खाली होती. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये या पट्ट्यांबाबत इशारा दिला, तेव्हा अशा १३ मृत्यूंची नोंद झालेली होती.

फिशर यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्लुकोज आणि माल्टोज वेगळे दिसत होते. एकाची पेंढी, दुसऱ्याचे सूर्यफूल. शंभर वर्षांनंतरच्या यंत्राने त्यांच्यात गल्लत केली आणि माणसे गेली. साखर आहे एवढे कळणे पुरत नाही, कोणती आहे हेही कळावे लागते. फिशर यांनी आयुष्यभर धरलेला आग्रह हाच होता.

म्हणून घरी ग्लुकोमीटर वापरणाऱ्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असेल, तर पट्टी त्यातले ग्लुकोजही मोजते. पट्ट्यांची मुदत पाहावी आणि डबी घट्ट बंद करून उन्हापासून दूर ठेवावी, कारण आतले एन्झाइम उष्णतेने आणि दमटपणाने खराब होते. डायलिसिस सुरू असेल किंवा क जीवनसत्त्वाचे मोठे डोस चालू असतील, तर आपल्या पट्टीला ते चालतात का, हे डॉक्टरांना विचारावे. आणि आकडा एक सांगतो व शरीर दुसरे, म्हणजे घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते, पण यंत्र मात्र साखर वाढल्याचे दाखवते, तेव्हा नुसत्या आकड्यावर इन्सुलिन घेऊ नये. लगेच डॉक्टर गाठावेत आणि प्रयोगशाळेत रक्त तपासावे.

आणि प्रात्यक्षिकात ओसाझोन करणाऱ्या मुलामुलींसाठी एक. हातमोजे घालूनच फिनाइलहायड्रॅझिनला हात लावा, काम धुराच्या कपाटात करा, नळीचा वास घेऊ नका. ज्यांनी ते शोधले, त्यांना हे सांगणारे कोणी नव्हते.